मंडळाने छापलेली किडनी

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर ‘सर्व्हिस इंजिनिअर’ असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात मी मुंबईतल्या ऑफिसांमधून फिरून प्रिंटरमध्ये अडकलेले कागद ओढून काढत असे. कधी शाईचं कार्ट्रिज बदलायचं, कधी तेच काढून, जरा हलवून परत बसवायचं आणि ‘आता बघा’ म्हणायचं. बहुतेक वेळा मशीन चालू व्हायचं. का व्हायचं ते मलाही कळत नसे, पण मी चेहरा असा ठेवायचो की विचारायची कुणाची छाती होऊ नये. नालासोपाऱ्याच्या आचोळ्यातल्या आमच्या सोसायटीत मी ‘कॉम्प्युटरवाले’ म्हणून प्रसिद्ध होतो. कुणाच्या मिक्सरची वायर जळली तरी मला बोलावणं यायचं आणि मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन जायचोही. ‘मला यातलं काही येत नाही’ हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालंच नाही. आमच्या घराण्यात ते कुणाच्याच तोंडून निघालेलं नाही, पण बाकीचे निदान गप्प तरी बसायचे.

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली असतील, तेव्हाची ही गोष्ट. त्या वर्षी घरात एकच विषय होता, तो म्हणजे ताईची किडनी. ताई माझी सख्खी मोठी बहीण. विरारला चंदनसारमध्ये राहायची, घरीच ब्लाऊज आणि परकर शिवायची. पाय सुजतात म्हणून तपासायला गेली आणि दोन्ही किडन्या निकामी होत आल्यात हे ऐकून परत आली. मग डायलिसिस सुरू झालं. पाणी मोजून प्यायचं, मीठ बंद, शहाळं बंद, केळं तर विषासारखं. वसईच्या केळ्यांच्या मुलखात राहून केळं वर्ज्य हे ऐकून दारावरची केळीवालीसुद्धा हळहळली होती. डायलिसिससाठी ताईच्या हातातल्या शिरा जोडून घेतल्या होत्या. तिथे बोट ठेवलं की आत सतत थरथर लागायची. ‘बघ, माझा मोबाईल व्हायब्रेटवर ठेवलाय,’ असं म्हणून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हात लावायला द्यायची आणि माणूस दचकला की हसत सुटायची.

कायमचा उपाय म्हणजे कुणाची तरी किडनी बसवणं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. माझं जुळलं नाही. मी तोंडाने ‘अरेरे’ म्हणालो. मनात काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. आईचं जुळलं. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडेच असायची. वय साठीच्या घरात, पण तब्येत खणखणीत. ‘दोन आहेत, एक घेऊन जा,’ असं ती ताईला म्हणाली, शेजारणीला पुरणयंत्र द्यावं तशी. ताई बरेच दिवस नाही नाही म्हणत राहिली. शेवटी आम्ही सगळ्यांनी मागे लागून तिला तयार केलं आणि गणपती झाले की ऑपरेशनची तारीख घ्यायची असं ठरलं.

आणि गणपती जवळ आले. आमच्या मंडळाचे अध्यक्ष तळमजल्यावर राहायचे. तालुक्याच्या देखावा स्पर्धेत बक्षीस मिळवायचं, एवढं एकच स्वप्न त्यांनी आयुष्यात पाहिलं होतं. आदल्या वर्षी आम्ही प्राचीन सोपारा बंदराचा देखावा केला होता. थर्माकोलचं गलबत बंदराला लागायच्या आधीच मधोमध मोडलं आणि आतला व्यापारी बाप्पाच्या उंदरावर येऊन पडला. त्याच्याही आदल्या वर्षी ‘पाणी वाचवा’ केला होता. परीक्षक आले तेव्हा अख्खी सोसायटी मंडपासमोर टँकरच्या पाइपावरून भांडत होती. ‘या वर्षी काहीतरी एकदम आधुनिक पाहिजे,’ अध्यक्ष मीटिंगमध्ये म्हणाले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कॉम्प्युटरवाले.

विषय मला एका ऑफिसात सापडला. प्रिंटर खोलताना शाई सांडून टेबल खराब होऊ नये म्हणून मी खाली रद्दी पेपर पसरत असे. त्या दिवशी हाताला इंग्रजी पेपर लागला आणि त्यावर चक्क प्रिंटरचं चित्र होतं. परदेशातल्या काही शास्त्रज्ञांनी म्हणे टेबलावरचा साधा शाईचा प्रिंटर घेतला, त्याचं कार्ट्रिज स्वच्छ धुतलं आणि शाईच्या जागी जिवंत पेशी भरल्या. कागदाऐवजी जेलीसारखा पातळ थर. मशीन त्यावर पेशींचे ठिपके टाकत जातं, थरावर थर चढत जातात आणि शेजारशेजारच्या पेशी आपोआप एकमेकींना चिकटतात. असं करत करत आधी कातडीचा तुकडा, मग रक्तवाहिनी, आणि पुढे अख्खा अवयव छापता येईल. पेशी रोग्याच्याच घेतल्या तर शरीर तो अवयव परका म्हणून नाकारणारही नाही.

मी खाली बसलो. समोर पोट उघडून पडलेला प्रिंटर अगदी त्याच जातीचा होता. आपण ज्याच्या नावाने रोज बोटं मोडतो तो प्राणी उद्या किडनी छापणार, हे वाचून मला माझ्या धंद्याबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. बातमीच्या शेवटी एक परिच्छेद होता. हे सगळं अजून प्रयोगशाळेत बाल्यावस्थेत आहे, किडनीसारखा गुंतागुंतीचा अवयव बनायला कित्येक वर्षं, कदाचित दशकं जातील, असं काहीतरी. तो मी वाचला. वाचलाच नाही असं म्हणायची सोय नाही. पण पंगतीत जिलबीनंतर कुणी कारल्याची भाजी वाढत नाही. मीही तो परिच्छेद वाढला नाही.

मीटिंगमध्ये मी विषय असा काही मांडला की अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘पण यात देव कुठे आहे?’ एवढीच शंका त्यांनी काढली. ‘समोरच बसलेत की,’ मी म्हणालो आणि ठराव पास झाला.

मग आम्ही कामाला लागलो. कुणाच्या तरी नव्या फ्रिजच्या खोक्याचा प्रिंटर केला. भंगारवाल्याकडून गाडीच्या वायपरची मोटर आणली आणि तिच्यावर एक सरकती फळी बसवली. किडनी जुन्या सोफ्याच्या स्पंजची, उशीएवढी. नाक्यावरच्या बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरने ती लाल-तपकिरी रंगवली आणि वर हौसेने चमक मारली. पहिल्याच दिवशी एका आजींनी तिला भलामोठा काजू समजून ‘नैवेद्य छान केलाय’ म्हटलं. बटण दाबलं की प्रिंटरवरचा हिरवा दिवा लुकलुकायचा, मोटर कण्हायची आणि किडनी हळूहळू बाहेर सरकत यायची. सोबत निवेदनाची कॅसेट. आवाज अर्थातच माझा. रेडिओवर बातम्या सांगणाऱ्यासारखा घसा बसवून मी ती भरली होती.

‘भक्तहो,’ मी म्हणायचो, ‘विज्ञानाने आज मानवापुढे हात जोडले आहेत. पाहा! हे यंत्र छापत आहे मूत्रपिंड! तुमच्याच पेशींपासून, तुमच्याच मापाचं! आता किडनीसाठी कुणापुढेही हात पसरायची गरज नाही!’ आणि या वाक्याला किडनी फळीवरून खालच्या स्टीलच्या ताटात पडायची. टाळ्या पडायच्या. त्या काळात आमच्याकडे भारनियमन रोजचंच होतं. कधीकधी किडनी अर्धी बाहेर असताना लाइट जायची आणि लाइट येईपर्यंत ती तशीच लोंबकळत राहायची. पण गर्दी हटत नसे. नालासोपाऱ्यात नुसती लाइट यायची वाट बघायलाही माणसं उत्साहाने थांबतात.

गौरी आल्या त्या दिवशी ताई माहेरी आली. आरतीनंतर तिला मंडपात पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून मी स्वतः बटण दाबलं. तिने देखावा पाहिला. मग ‘पुन्हा लाव’ म्हणाली. मग आणखी एकदा.

‘शिवण कुठे घालतात रे?’ तिने विचारलं.

‘शिवण नसतेच. अखंड असतं सगळं.’

‘आणि कापड आपलंच?’

‘आपलंच. म्हणून तर अंगाला बसतं. उसवत नाही, आटत नाही.’ मला यातलं काही माहीत नव्हतं, पण तिच्याच धंद्याचे शब्द सापडल्यामुळे मी सुटलोच होतो. ‘थोड्या दिवसांचा प्रश्न आहे ताई. प्रिंटर तर माझ्याकडे पडून आहेत तसलेच.’

ताईने हातातली प्रसादाची वाटी मांडीवर ठेवली, डोळे मोठे केले आणि म्हणाली, ‘हो का?’

तिचं हे ‘हो का?’ मला लहानपणापासून ओळखीचं. मी दुसरीत असताना घरी येऊन सांगितलं होतं, की शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी अख्ख्या वर्गात फक्त माझ्याशी हात मिळवला. घरातले सगळे हसले. एकट्या ताईने हातातलं काम थांबवलं, डोळे मोठे केले आणि ‘हो का?’ म्हणाली. तेव्हापासून मी जे जे फेकलं ते तिने असंच झेललं. माझी बायको माझं बोलणं निम्म्याने कमी करून ऐकते, आई ऐकतच नाही. जगात माझ्या शब्दावर पूर्ण विश्वास ठेवणारं हे एकच माणूस होतं आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी भावोजीही जेवायला आले होते. जेवताना ताईने जाहीर केलं, की ती आईची किडनी घेणार नाही.

‘मी थांबते,’ ती शांतपणे म्हणाली. ‘आईची चांगली धडकी साडी फाडून मी परकर शिवू? तेही बाजारात नवं कापड येतंय हे माहीत असताना?’

भावोजींचा घास हातातच राहिला. ते वसईच्या वाडीवाल्यांपैकी, मुळात कमी बोलणारे. ‘कोन बोललं तुला, नवं येतंय म्हणून?’

‘हा काय, रोज माइकवरून सांगतोय. बाप्पाच्या पुढ्यात बसून कुणी खोटं बोलेल का?’

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात मोदक होता आणि तो मी शक्य तितका वेळ चावत राहिलो. आई उठली, तुपाचं भांडं फडताळात ठेवलं आणि फडताळाकडेच तोंड करून उभी राहिली. एखाद्याच्या घरी प्रेमाने डबा पाठवावा आणि तो न उघडता परत यावा, तशी दिसत होती ती. ‘छापा आता,’ बायको माझ्या कानाशी म्हणाली.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. माझा तर मारुतीसुद्धा धड झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारून मी चंदनसारला गेलो. ताई मशीनवर बसली होती. तेव्हा तिला सलग शिवणं जमत नसे. थोडं शिवायचं, मग पाय वर घेऊन बसायचं. मी तिला सांगितलं की ते सगळं अजून प्रयोगात आहे, परदेशातसुद्धा कुणाला छापील किडनी बसवलेली नाही, बातमीतच तसं म्हटलं होतं.

‘आईने पाठवलं ना तुला?’ ती म्हणाली.

‘नाही गं, खरंच सांगतोय.’

‘मग परवा काय सांगत होतास?’

आयुष्यभर मी खोटं बोललो तेव्हा तिने मान डोलावली आणि पहिल्यांदा खरं बोलायला गेलो तर ती ऐकेना. बातमीचं कात्रण दाखवावं तर तो पेपर शाईने भिजून केव्हाच कचऱ्यात गेला होता. मी शेवटी डॉक्टरबाईंचं नाव काढलं, तर तिने टीप मारायला घेतली आणि मशीनच्या आवाजात माझं बोलणं बुडवून टाकलं.

मी घाबरलो. आजवर माझ्या फुशारक्यांनी कुणाचं काही बिघडलं नव्हतं. फार तर एखादा मिक्सर कायमचा गेला असेल. पण इथे ताईचा जीव होता. डायलिसिसवर ती दिवसेंदिवस वाळत चालली होती, मध्येच थंडी वाजून ताप भरायचा. आणि थांबायचं म्हटलं तरी आईचं वय थोडंच थांबणार होतं! आज डॉक्टरांना आई चालत होती. आणखी काही वर्षांनी डॉक्टरांनी तिलाच नको म्हटलं असतं. मग ताईला द्यायला कुणीच उरलं नसतं, आणि माझ्याकडे होता फ्रिजच्या खोक्याचा प्रिंटर. रात्रंदिवस मंडपातून माझाच आवाज खिडकीवर येऊन आदळायचा, ‘आता कुणापुढेही हात पसरायची गरज नाही!’ मी खिडकी लावून घ्यायचो. कॅसेट बंद करा म्हणून अध्यक्षांकडे गेलो, तर त्यांनी मला वेड्यात काढलं. परीक्षक यायचे होते.

परीक्षक आले ती संध्याकाळ. आरतीचा मान त्या दिवशी आमच्या घराला होता, म्हणून ताई आणि भावोजीही आले होते. अध्यक्षांनी नवा झब्बा घातला होता आणि कुणाच्या ओळखीने एक जनरेटरही आणून ठेवला होता. परीक्षक पहिल्या रांगेत बसले, त्यांच्यामागे ताई, आणि ताईमागे सगळी सोसायटी. मी बटण दाबलं. हिरवा दिवा लुकलुकला, मोटर कण्हली, ‘भक्तहो’ झालं, ‘पाहा! हे यंत्र छापत आहे मूत्रपिंड!’ झालं, किडनी अर्धी बाहेर आली आणि लाइट गेली.

समया तेवढ्या जळत होत्या. मंडपामागे दोघेतिघे जनरेटरची दोरी ओढत होते आणि तो नुसता खोकत होता. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. अध्यक्ष माझ्या पाठीत कोपर मारून कुजबुजले, ‘निवेदन चालू ठेवा! तोंडाने!’

कॅसेट चालू राहिली असती तर मी गप्पच बसलो असतो, हे मी स्वतःला चांगलं ओळखून सांगतो. पण आता माझ्या तोंडाशिवाय दुसरं काही चालत नव्हतं. मी पुढे झालो. समईच्या उजेडात ताईचा चेहरा तेवढा दिसला.

‘भक्तहो,’ मी म्हणालो, आणि घसा बसवायचा विसरलो. ‘भक्तहो, हा प्रिंटर फ्रिजच्या खोक्याचा आहे.’

लोक हसले.

‘आतली मोटर वायपरची आहे. भंगारातली. आणि ही किडनी सोफ्याची आहे.’

आणखी जोरात हसले. एक परीक्षकही हसले. अध्यक्ष माझा शर्ट मागून ओढत होते, पण मी सुटलो होतो, फक्त या वेळी उलट्या दिशेने. मी सांगितलं की परदेशात खरोखर असा प्रयत्न चाललाय, आणि ती माणसं थोर आहेत, पण अजून त्यांना कातडीचा तुकडा जगवतानाही घाम फुटतो. किडनीत केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं, ते त्यांनाही अजून जमलेलं नाही, मग मला कुठून जमणार. मी सर्व्हिस इंजिनिअर नाही. मला प्रिंटरमधलं फक्त अडकलेला कागद ओढणं येतं, आणि तोही पुष्कळदा फाटतो. चौथ्या मजल्यावरचा मिक्सर मीच घालवला. इथे चौथ्या मजल्यावरून कुणीतरी ‘वाटलंच होतं!’ असं ओरडलं आणि मंडप हशाने भरून गेला.

‘आज या घडीला,’ मी म्हणालो, ‘किडनी फक्त माणसाच्या पोटात तयार होते. आणि ती माणसानेच माणसाला द्यावी लागते. तुम्हाला कुणी देत असेल तर घ्या. या खोक्याची वाट बघू नका. बाप्पाची शपथ.’

तेवढ्यात जनरेटर धडधडला, दिवे लागले आणि कॅसेट जिथे थांबली होती तिथून खणखणीत आवाजात सुरू झाली, ‘तुमच्याच पेशींपासून, तुमच्याच मापाचं! आता किडनीसाठी कुणापुढेही हात पसरायची गरज नाही!’ किडनी ताटात पडली. टाळ्यांचा जो कडकडाट झाला तसा आमच्या मंडपात त्याआधी कधी झाला नव्हता. अध्यक्ष कपाळाला हात लावून बसले.

गर्दी ओसरल्यावर मी ताईशेजारी जाऊन बसलो. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा निदान ‘फसवलंस मला’ म्हणेल. ती भयंकर चिडली होती.

‘तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?’ ती म्हणाली. ‘चांगलं चाललं होतं ना सगळं!’

‘अगं, पण तू त्या मशीनची वाट बघत बसली होतीस...’

‘मी? या खोक्याची?’ ती माझ्याकडे बघत राहिली. ‘अरे, मी डॉक्टरबाईंना दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, आपल्या नातवंडांच्या वेळी आलं तर आलं. आणि त्यांना विचारायला कशाला हवं होतं? तुझं कधी काही खरं असतं का?’

मी म्हणालो, ‘पण तू तर नेहमी “हो का?” म्हणतेस...’

‘मग काय म्हणू? लहान होतास, सगळे हसायचे तुला.’

इतकी वर्षं जपलेला माझा एकुलता एक भाविक असा बघता बघता उठून गेला. मी अजून त्यातून सावरत होतो, तेवढ्यात ती खालच्या आवाजात म्हणाली, ‘आईला मी काय सांगणार होते? तू ऑपरेशनच्या टेबलावरून उठली नाहीस तर मी काय करू, असं म्हणायचं तिच्या तोंडावर? मला ते बोलता येत नव्हतं रे. म्हणून सगळं तुझ्या मशीनवर ढकललं. तेवढा एकच उपयोग होता त्याचा, तोही तू घालवलास.’

आई मागेच उभी होती. प्रसादाचं ताट परत न्यायला आली होती ती. तिने सगळं ऐकलं होतं. ती ताईपुढे येऊन उभी राहिली.

‘धडकी साडी म्हणालीस ना परवा?’ आई म्हणाली. ‘तू झालीस तेव्हा बाळोत्यांना जुनी साडी हवी होती. नवं कापड बाळाला बोचतं. माझ्याकडे जुनी होती कुठे? वर्ष झालं होतं लग्नाला. लग्नातलीच काढली, धुऊन धुऊन मऊ केली आणि फाडली. चांगली चर्र फाडली. तेव्हा तू विचारायला आली नव्हतीस, आता कशाला विचारतेस?’

ताईने मान खाली घातली. आईने ताट तिच्या हातात दिलं आणि मंडपातल्या पताका बघत उभी राहिली. मग ताई म्हणाली, ‘तारीख घ्यायला कधी बोलावलंय?’

मला तेव्हा रडू आलं. समईचा धूर डोळ्यांत गेला असं मी सांगितलं आणि त्यावर नेहमीप्रमाणे कुणी विश्वास ठेवला नाही.

स्पर्धेचा निकाल लागला. आमच्या मंडळाला ‘विनोदी देखावा’ या गटात उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षकांनी शेरा दिला होता, की अंधश्रद्धेइतकीच विज्ञानाबद्दलची भाबडी समजूतही घातक असते हे मंडळाने निवेदकाच्या विदूषकी पात्रातून फार खुबीने दाखवलं. अध्यक्षांनी तो शेरा फ्रेम करून सोसायटीच्या ऑफिसात लावला आणि विषय आपल्यालाच सुचला होता असं ते अजूनही सांगतात. विसर्जनानंतर मंडप उतरवताना ताईने स्पंजची किडनी मागून घेतली. ती आजही तिच्या शिलाई मशीनशेजारी असते, सुया आणि टाचण्या टोचायला. गिऱ्हाइकं विचारतात हे काय आहे, तेव्हा ती म्हणते, ‘भावाने छापून दिलीय.’ आई एका किडनीवर दोन किडन्यांइतकंच बोलते. ताई केळी खाते आणि सालं टाकताना मला फोन करते.

पण आई आणि ताईला ऑपरेशनला नेलं तो दिवस मात्र मला हसून सांगता येत नाही. मुंबईतलं मोठं इस्पितळ. देणाऱ्याला आधी आत नेतात. आईने चष्मा काढून माझ्या हातात दिला, ‘पुसून ठेव’ म्हणाली आणि गेली. ताई हिरव्या गाऊनमध्ये बाहेर स्ट्रेचरवर होती. इतके महिने सगळ्यांना हसवणारी ताई आता त्या बंद दाराकडे बघत होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. तिने माझा हात धरला. तिच्या मनगटातली ती थरथर मला लागत होती.

‘म्हण ना,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘ते. भक्तहो.’

कॉरिडॉरमध्ये लोक होते. एक वॉर्डबॉय भिंतीला टेकून उभा होता. मी घसा बसवला. ‘भक्तहो,’ मी म्हणालो, ‘विज्ञानाने आज मानवापुढे हात जोडले आहेत. पाहा! हे यंत्र छापत आहे मूत्रपिंड!’ वॉर्डबॉय सरळ उभा राहिला. मी सगळं म्हटलं, हातवाऱ्यांसकट, आणि जे कॅसेटमध्ये नव्हतं तेही म्हटलं. मी म्हटलं, की पहिली जी छापून येईल ती आईला. नंबर लावून ठेवलाय. तिच्याच कापडाची, तिच्याच मापाची, एकही शिवण नाही. म्हणजे आज दिली ती परत मिळाली, हिशेब बरोबर.

ताईने दारावरची नजर काढली. माझ्याकडे पाहिलं, डोळे मोठे केले.

‘हो का?’ ती म्हणाली.

‘मग!’ मी म्हणालो. तेवढ्यात दार उघडलं आणि दोन नर्स तिला न्यायला आल्या. मी स्ट्रेचरबरोबर चालत बोलत राहिलो, मशीनला हिरवा दिवा कुठे असतो, ताट कुठे ठेवायचं, लाइट गेली तर काय करायचं. तिने माझा हात सोडला तेव्हा मी रंगीत छापायची की साधी, इथपर्यंत आलो होतो.